नुकरा तेवढे दाखव

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोडेबाजार भरतो. यात्रा उठली की फोटो काढणाऱ्यांकडे उरतं ते तट्ट फुगलेलं फोल्डर. त्यात माउस सरकवत बसण्यापेक्षा लिनक्सच्या काळ्या खिडकीत ‘एलएस’ ही यादी दाखवणारी आज्ञा लिहून पुढे ‘नुकरा’ (म्हणजे पांढरा घोडा) आणि तारा (*) द्यावा. त्या नावाने सुरू होणाऱ्या फाइलीच पुढ्यात येतात (अर्थात आधी नावं धड दिली असतील तर!). गंमत अशी, की हा तारा एलएसला ठाऊकच नसतो. आपल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल, आधीच त्याचा अर्थ लावतं आणि जुळलेली नावं एलएसच्या हाती देतं. फसगतही तिथेच होते. पुष्कळ कॅमेरे ‘जेपीजी’ कॅपिटल अक्षरांत लिहितात, आपण स्मॉलमध्ये मागतो आणि उत्तर येतं, अशी फाइलच नाही. तेव्हा सगळी यादी पाइपमधून (एका आज्ञेचं उत्तर दुसरीकडे नेणारी उभी रेघ) ‘ग्रेप’ या शोधणाऱ्या आज्ञेकडे सोडावी, सोबत उणे-आय जोडावा. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मिटतो. उणे-व्ही दिला तर उलटी निवड, म्हणजे पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं असलेले घोडे) वगळून बाकी सगळे. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी १९७३ साली, लिनक्स जिच्या धर्तीवर बनली त्या युनिक्समध्ये, पाइपची सोय केली, ग्रेपही थॉम्पसन यांचाच. मात्र ग्रेपचा तारा वेगळा. तिथे तो ‘आधीचं अक्षर कितीही वेळा, शून्य वेळासुद्धा’ असा वाचला जातो. त्यामुळे ‘पंच’पुढे तारा लावून पंचकल्याणी मागणाऱ्याच्या यादीत पंढरपूरच्या वारीचे फोटोही बिनदिक्कत येऊन बसतात.