गोदाम आणि थांबण्याची ताकद

जबलपूर येथे १८७० साली मुंबई-कोलकाता लोहमार्ग जुळला. तरीही येथील मटार हिवाळ्यात एकदम बाजारात आला की भाव कोसळतो. शीतगृहावाचून कोवळ्या शेंगेला थांबता येत नाही. गहू थांबू शकतो, शेतकरी थांबू शकत नाही. हंगामाची देणी दारात उभी असतात. २००७ च्या गोदाम (विकास व नियमन) कायद्याने पावती तारण ठेवून कर्ज घेण्याची वाट मोकळी केली. परंतु माल दहा पोती आणि नोंदणीकृत गोदाम दूर असेल, तर लाभ वाहतुकीतच संपतो. म्हणून शासनाने केवळ साठवणक्षमतेचे टन मोजू नयेत. किती लहान शेतकऱ्यांना पावतीवर कर्ज मिळाले, हेही मोजावे. गोदामाचे खरे काम धान्य सांभाळण्याइतकेच शेतकऱ्याला थांबण्याची ताकद देणे हे आहे.