थोडं लांबूनच बघा की!

बंगळुरातल्या आयटीवाल्याचा एखादा तरी वीकांत म्हैसूर रस्त्यावर जातोच. तेव्हा श्रीरंगपट्टणजवळच्या रंगनतिट्टूला नक्की थांबा. कावेरीतली ही चिमुकली बेटं १७व्या शतकातल्या बंधाऱ्यामुळे तयार झाली आणि सलीम अलींच्या आग्रहावरून १९४० साली अभयारण्य झाली. बेटांवर उतरायचं नाही, वल्ह्याच्या होडीतून फेरी मारायची. इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे पिल्लांचा कलकलाट मस्त ऐकू येतो. चित्रबलाक, चमचे, पाणकावळे, आणि खडकावर जबडा वासून पडलेली मगर!

पण होडीत कुणीतरी "भैया, और पास लो" म्हणतंच. इथे माझं डोकं फिरतं. मार्चच्या उन्हात चित्रबलाक पंख पसरून पिल्लांवर सावली धरतो. होडी फार जवळ गेली की तो उडतो. मग पिल्लं उन्हात, आणि वर घारी टपलेल्या. नावाडी नाही म्हणाला तर त्याची बक्षिसी बुडते, म्हणून 'नाही' आपणच म्हणायला हवं. (एवढी महागडी झूम लेन्स मग कशाला घेतलीत, राव?)

मी तर बसल्या बसल्याच नावाड्याला सांगतो, किती जवळ जायचं ते तुम्ही ठरवा, बक्षिसी नक्की मिळेल. बाकीचे चिडतात. चिडू देत.