२०१३ चा आय५ चालतो, २०२१ चा सेलेरॉन नाही: ‘व्ही३’ची भानगड काय आहे?

मे २०२५ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० आलं, ते एक अट घेऊन: पीसीचा प्रोसेसर ‘एक्स८६-६४-व्ही३’ पातळीचा हवा. ऑक्टोबरमध्ये उबुंटू २५.१० ने याच व्ही३ साठी वेगळी पॅकेजेस दिली, पण ती ऐच्छिक. हवी तर घ्या, नाहीतर जुनी आहेतच. स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स टाकणाऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे.

प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड कंपायलर प्रोसेसरच्या सूचनांमध्ये उतरवतो. पण सगळ्या प्रोसेसरना सगळ्या सूचना समजत नाहीत. एव्हीएक्स२ येत असेल तर ३२ बिटच्या आठ आकड्यांच्या जोड्यांची बेरीज एका सूचनेत होते. कोणत्या सूचना वापरायच्या हे कंपायलरला ‘मार्च’ या फ्लॅगने सांगतात (आर्किटेक्चरमधला ‘आर्च’, महिन्याशी संबंध नाही). इथे चूक झाली तर प्रोग्रॅम नुसता हळू चालत नाही. अनोळखी सूचना आली की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत तिथेच बंद पडतो.

म्हणून ‘मार्च=नेटिव्ह’, म्हणजे ‘याच मशीनला जे जे येतं ते सगळं वापर’, हे स्वतःपुरतं झकास. तीच फाइल मित्राला पाठवलीत तर त्याच्याकडे चालेलच असं नाही. शेजारचा ‘एमट्यून’ फ्लॅग मात्र निरुपद्रवी आहे. तो सूचनांचा क्रम एखाद्या प्रोसेसरच्या सोयीने लावतो, नव्या सूचना घुसडत नाही.

लाखो लोकांसाठी एकच फाइल बनवणाऱ्यांना नेटिव्ह वापरता येत नाही. त्यासाठी २०२० मध्ये इंटेल, एएमडी, रेड हॅट आणि सुसे यांनी मिळून व्ही१ ते व्ही४ अशा पातळ्या ठरवल्या. व्ही३ ला एव्हीएक्स२ लागतं, आणि ते इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आहे. ‘बारा वर्षं झाली की, आता काय अडचण?’ असं वाटेल. पण २०२१ मध्ये आलेल्या सेलेरॉन एन४५०० मध्ये एव्हीएक्स२ नाही! त्याआधीच्या एन४०२० मध्येही नाही. इंटेलच्या या स्वस्त मालिकेला ते मिळालं २०२३ च्या एन१०० वगैरे चिप्सपासून. म्हणजे जुना हॅसवेल आय५ पास आणि त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, बजेट लॅपटॉपमधला सेलेरॉन नापास. दुकानदार रॅम सांगतो, एसएसडी सांगतो; हे कोण सांगणार?

बरं, फायदा किती? उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलच्याच म्हणण्यानुसार बहुतेक पॅकेजेसना साधारण १ टक्का, आकडेमोड जास्त असलेल्यांना त्याहून अधिक. रेड हॅट मुख्यतः सर्व्हरसाठी आहे, तिथे अट समजू शकते. घरगुती वापराच्या लिनक्सने १ टक्क्यासाठी चालतं मशीन बाद करावं, हे मला पटत नाही. शिवाय जिथे खरा फरक पडतो तिथे दोन्ही कोड एकाच फाइलमध्ये ठेवून चालू होताना प्रोसेसर तपासता येतो. एफएफएमपेग हेच करतं.

अँड्रॉइडवर ही कटकट कमी जाणवते, कारण कोटलिन-जावा अॅपचा अंतिम मशीन कोड तुमच्या फोनवरच तयार होतो. समोरचा प्रोसेसर कुठला, हे तिथे आधीच माहीत असतं.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर सीपीयू-झेडमध्ये ‘इन्स्ट्रक्शन्स’ची ओळ बघा, लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ कमांडमध्ये फ्लॅग्जची यादी येते. एव्हीएक्स२ दिसलं नाही आणि तरी रेड हॅटसारखंच काही हवं असेल, तर अल्मालिनक्स १० ने व्ही२ साठी वेगळी आवृत्ती ठेवली आहे.