उजेडाची साक्ष

तोतया ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत आलेल्या इसमाने कोकणातले किल्ले घेण्यापर्यंत मजल मारली आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. त्याची पारख करावयास भाऊंना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे पुण्यात होती. तरीही कित्येक शहाणे फसले. आज ज्या बँकेने ग्राहकाला कधी डोळ्यांनी पाहिलेलेच नाही, तिला ही पारख मोबाइलच्या कॅमेऱ्यातून करावयाची आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओद्वारे ग्राहकाची ओळख पटविण्यास मुभा दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्याची पडताळणी सुरू केली. बोटांच्या रेषा झिजलेल्या वृद्धांची त्यामुळे मोठी सोय झाली, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु चेहरा ही काही कुलपात ठेवण्याची वस्तू नव्हे. तो घेऊन आपण चारचौघांत हिंडतो, लग्नाच्या छायाचित्रांत तो असतो, आणि एकदा चोरीस गेला म्हणून तो बदलता येत नाही. हाँगकाँगच्या पोलिसांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलेली हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. हरवल्याची तक्रार झालेल्या आठ ओळखपत्रांच्या आधारे तेथे २०२३ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात कर्जाचे ९० अर्ज करण्यात आले व ५४ वेळा बँक खात्यांची नोंदणी झाली. त्यांत निदान २० वेळा संगणकाने रचलेला खोटा चेहरा, म्हणजे ज्यास डीपफेक म्हणतात तो, पडताळणीच्या यंत्रापुढे उभा करण्यात आला होता.

यावर योजलेला एक उपाय फार चतुर आहे. मोबाइलचा पडदा क्षणाक्षणाला रंग बदलतो. लाल, निळा, हिरवा असा क्रम प्रत्येक वेळी नव्याने आणि यदृच्छेने ठरतो. तो उजेड समोरच्या चेहऱ्यावर पडून परत येतो व कॅमेरा तो टिपतो. खऱ्या चेहऱ्यावर नाकाचा उंचवटा आहे, डोळ्यांच्या खोबणी आहेत, गालांची गोलाई आहे. प्रत्येक भाग उजेड निरनिराळ्या प्रमाणात परत करतो. कागदावरचे छायाचित्र सपाट असल्याने तो सरसकट परत करते, आणि दुसऱ्या मोबाइलवर दाखविलेला चेहरा स्वतःच प्रकाशतो. आधी तयार केलेले चित्रण कॅमेऱ्याला बगल देऊन थेट यंत्रात घातले, तर त्यात या खेपेच्या रंगांचा मागमूसही नसतो. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातील व इतर संशोधकांनी ही पद्धत २०१८ मध्ये तपशीलवार मांडली. रंगांप्रमाणेच उजेड परत येण्याची वेळही तीत तपासली जाते; कारण तोतयाने पडद्यावरचा रंग पाहून खोट्या चेहऱ्यावर तो चढवावयाचे म्हटले, तरी त्याला काही क्षण लागणारच. लंडनच्या आयप्रूव्ह कंपनीने याच तत्त्वावरील तपासणी प्रत्यक्ष व्यवहारात आणली आहे. २०२२ मध्ये गर्स्टनर आणि फरीद या अमेरिकेतील संशोधकांनी व्हिडिओवरील संभाषणातला डीपफेक ओळखण्यासाठीही पडद्याचा उजेड वापरून दाखविला.

आम्हांस या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण वाटतो तो निराळाच. ती माणसाकडून काही मागत नाही. आजवर सजीवतेची कसोटी म्हणजे ‘डोळे मिचकावा, मान वळवा’ असा हुकूम असे. अॅसिड-हल्ल्यात ज्यांच्या पापण्या गेल्या, ज्यांना दृष्टीच नाही, त्यांनी काय करावे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय देताना अशा सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि डोळे मिचकावण्यास पर्याय देण्याचा आदेश दिला. जिवंत माणसास आपण जिवंत आहोत हे पापणी हलवून सिद्ध करावे लागावे, ही लज्जास्पद गोष्ट होती.

तथापि उजेडाच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. भर उन्हात पडद्याचा उजेड फिका पडतो. काळसर त्वचा तो कमी परत करते, आणि आपल्या देशात याचा विसर पडून चालणार नाही. लुकलुकत्या प्रकाशाने काही अपस्माराच्या रुग्णांना झटका येण्याचा धोका असतो. शिवाय उजेड सांगतो ते एवढेच, की कॅमेऱ्यापुढे हाडामांसाचा चेहरा आहे. तो राजीखुशीने तेथे बसला आहे, की घरच्या कोणी दंड धरून बसविला आहे, हे उजेड कसे सांगणार?

अशा यंत्राच्या चुका दोन प्रकारच्या असतात: तोतयाला आत घेणे आणि खऱ्याला बाहेर ठेवणे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१७ मध्येच या दोहोंचे मोजमाप वेगवेगळे करावे असे ठरविले. विक्रेता पहिल्या चुकीविषयी भरभरून बोलतो, कारण तीत बँकेचे पैसे जातात. दुसरी चूक ज्याच्या वाट्याला येते, तो बहुधा एकटा, वयस्कर आणि स्वस्तातला मोबाइल हाती धरलेला असतो. त्याचा तोटा कोणाच्या ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की रिझर्व्ह बँक व आधार प्राधिकरण यांनी कोणतीही पद्धत पत्करण्यापूर्वी तिच्या दोन्ही चुकांचे प्रमाण जाहीर करावयास लावावे, आणि ती चाचणी आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांवर, अंधाऱ्या खोल्यांत व जुन्या मोबाइलवर झालेली असावी. यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाने पुन्हा तपासावा, अशी सोय न्यायालयाने अपंगांसाठी करावयास सांगितली आहे. ती सर्वांनाच मिळाली पाहिजे, आणि तपासणी पुरी होईतो कोणाचे निवृत्तिवेतन अडू नये. हयातीच्या दाखल्यांची गर्दी दरवर्षी नोव्हेंबरात होते. निदान प्रत्येक बँकशाखेत त्या महिन्यापुरता यासाठी एक अधिकारी नेमून त्याचे नाव दर्शनी फलकावर लावण्यास कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही.