पच्चक्खाण कोणाचे?

ऑगस्ट 2023 च्या अखेरीस श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर चरसाची पाकिटे वाहून आली. पर्युषण पर्व तेव्हा तोंडावर आले होते. ‘हा समुद्राकडचा प्रश्न आहे, आपली मुले पाठशाळेत जातात,’ असा दिलासा अशा वेळी कोणतेही श्रावक कुटुंब स्वतःला देईल. हा दिलासा कितपत खरा आहे, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. हुंगून नशा करण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के आढळले. थिनर, व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन ही त्यांची साधने. ती समुद्रातून येत नाहीत. हार्डवेअरच्या आणि स्टेशनरीच्या दुकानांत, म्हणजे आपल्याच गल्ल्यासमोर, मिळतात.

धर्माचरणाने किशोरांचे रक्षण होते काय? अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ 1975 पासून दरवर्षी शालेय विद्यार्थ्यांची पाहणी करीत आले आहे. ज्यांना धर्म महत्त्वाचा वाटतो आणि जे प्रार्थनास्थळी नियमित जातात, त्यांच्यात व्यसनांचे प्रमाण कमी दिसते. परंतु या आकड्यांचे श्रेय केवळ उपस्थितीला देता येत नाही. अशा घरांत बहुधा देखरेख असते, मित्रमंडळी ओळखीची असते. आणि व्यसनाकडे वळलेला मुलगा आपणहून मंदिरापासून दूर होतो. हजेरीपटावर नाव आहे, एवढ्याने मन तेथे आहे असे सिद्ध होत नाही.

जैन परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. मद्य हे सप्तव्यसनांपैकी एक. त्याच्या त्यागाचा नियम मात्र कोणी कोणावर लादत नाही. पच्चक्खाण देताना गुरुमहाराज ‘पच्चक्खाइ’ म्हणतात, म्हणजे ‘हा त्याग करतो’. आणि घेणाऱ्याने स्वतःच्या मुखाने ‘पच्चक्खामि’, ‘मी त्याग करतो’, असे म्हणायचे असते. वडिलांनी मुलाच्या वतीने हा शब्द उच्चारण्याची सोय नाही. पंधराव्या वर्षी मित्राने ई-सिगारेट पुढे केली, तर ‘घरचे रागावतील’ हे उत्तर फार काळ टिकत नाही. ‘मी घेत नाही’ हे टिकते.

तरीही नियम मोडू शकतो. परंपरेने तेही गृहीत धरले आहे. म्हणून अतिचार, आलोचना आणि प्रायश्चित्त यांची व्यवस्था आहे. आपल्या घरांत नेमकी हीच व्यवस्था दुबळी झाली आहे. पेढीचे नाव, सोयरीक, समाजातील प्रतिष्ठा यांच्या ओझ्याखाली मुलगा चूक लपवितो आणि आईवडील ती झाकून ठेवतात. ज्या घरात चूक बोलून दाखविता येत नाही, त्या घरात अठ्ठाईचे पारणे थाटात होऊनही मूल एकटेच राहते. व्यसन हा आजार आहे. त्याला तपाइतकीच वैद्यकीय उपचारांचीही गरज असते. शासनाचा 14446 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही 1986 पासून हे कार्य करीत आहे.

आणि एक प्रश्न दुकानाचा. श्रावकाला निषिद्ध असलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य येते. शाळकरी मुलगा पुन्हापुन्हा थिनर मागू लागला, तर ‘गिऱ्हाईक आहे’ एवढे समर्थन पुरेसे ठरेल काय? अल्पवयीनांना तंबाखूजन्य किंवा मादक पदार्थ देणाऱ्यास बालन्याय कायदा 2015 च्या कलम 77 नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायदा पदार्थांची नावे पाहतो. श्रावकाने त्या वस्तूचा परिणाम पाहावा.

येत्या संवत्सरीला मुलाकडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ ऐकताना आईवडिलांनीही ते त्याला म्हणावे, आणि मग थोडा वेळ काही न बोलता त्याच्याजवळ बसावे. त्याला काही सांगायचे असेल, तर ते ऐकून घेणारे कोणी तरी घरातच असले पाहिजे.