सप्रेम भेट, अभिप्रायार्थ

बँकेत असताना संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कुणी घरी जायचे नाही, असा दंडक होता. निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. २०२२ साली माझी पहिली कादंबरी मी स्वतःच्या खर्चाने छापली, तेव्हा तिच्यासाठी एक रजिस्टर घातले. छापलेल्या प्रती ५००. त्यांतल्या 'सप्रेम भेट, अभिप्रायार्थ' असे लिहून वाटलेल्या १४२. रकाने चार : दिनांक, नाव, टपालखर्च आणि अभिप्राय.

वर्षभराने रजिस्टर उघडले. पहिले तीन रकाने भरगच्च होते. चौथ्यात पुस्तक मिळाल्याचे एकोणीस फोन आणि छापून आलेली तीन परीक्षणे, एवढीच नोंद. त्यांतले एक परीक्षण वाचताना भाषा फारच ओळखीची वाटू लागली. ती माझीच होती. मलपृष्ठावरचा मजकूर मी लिहिला होता आणि परीक्षणकर्त्याने तो जसाच्या तसा उतरवला होता.

मोफत प्रती वाटण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात, अशी वर्तमानपत्रांची आणि मासिकांची सूचना असे. परीक्षण आले नाही तरी 'साभार पोच'मध्ये नाव येई आणि नवा लेखक तेवढ्यावरही हरखून जाई. काही प्रती तर कायद्यानेच द्याव्या लागतात. १९५४च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशित झालेल्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ग्रंथालये यांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायच्या असतात. लेखकच प्रकाशक असला, तर अर्थातच त्याने.

त्यात टपालाचा खर्च. नोंदणीकृत पुस्तक-टपालाची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा छोट्या प्रकाशकांच्या पोटात गोळा आला. पुढे मे २०२५ पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, असे त्याचे दर ठरले. पण माझे दुखणे टपालखर्चाचे नव्हतेच. दुसऱ्या रकान्यातली नावे वाचत गेलो, तसे ते माझ्या ध्यानात येऊ लागले. अध्यक्ष, सचिव, संचालक, साहेब, माजी साहेब. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, तेव्हा मी चाळीस प्रतींची कापडी पिशवी खांद्याला लावून गेलो होतो आणि छातीवरचे बिल्ले बघून त्या वाटल्या होत्या. कोण वाचतो, हे मी पाहिलेच नव्हते. कोण कुठे बसतो, एवढेच पाहिले होते.

तरीही वर्षभर मी लोकांवर रुसून होतो. हा रुसवा उतरवला तो एका जुन्या पुस्तकाने.

१९९६ साली मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावी शाखाधिकारी होतो. तिथले एक गुरुजी घरदुरुस्तीच्या कर्जासाठी आले होते. कागदपत्रे चोख होती, कर्ज नियमाप्रमाणे मंजूर झाले. आठवड्याने गुरुजी पेढ्यांचा पुडा आणि एक कवितासंग्रह घेऊन आले. संग्रह त्यांनीच, स्वतःच्या पैशांनी काढलेला. "साहेब, सवडीनं वाचा आणि चार ओळी कळवा," म्हणाले. ही भेट साहेबाला आहे की वाचकाला, असा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नाही. पेढे स्टाफने खाल्ले. संग्रह कपाटात गेला. महिनाभराने गुरुजी रस्त्यात भेटले. त्यांनी काही विचारले नाही, नुसते हसले. त्या हसण्याने ओशाळून मी शाखेत येऊन एक पोस्टकार्ड लिहिले. मातीचा गंध, अस्सल अनुभव, प्रांजळ शब्दकळा. वाचल्यावाचून कुठल्याही कवितासंग्रहाला लावता येतील असे सगळे शब्द त्यात होते.

दोन वर्षांनी माझी नांदेडला बदली झाली. तिथल्या पत्त्यावर गुरुजींचा दुसरा संग्रह आला. त्याच्या मलपृष्ठावर चौकटीत माझ्या पोस्टकार्डातले वाक्य छापले होते. खाली माझे नाव, हुद्दा आणि बँक.

अशी गोष्ट साहित्याच्या इतिहासातही आहे. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली आपला पहिला संग्रह स्वतःच छापला आणि एक प्रत विचारवंत इमर्सन यांना पाठवली. इमर्सननी पत्राने मनापासून दाद दिली. पुढच्याच वर्षी व्हिटमनने दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्या पत्रातले वाक्य सोनेरी अक्षरांत छापून टाकले, तेही न विचारता. शिवाय या पठ्ठ्याने स्वतःच्या पुस्तकाची निनावी परीक्षणेही लिहिली होती! म्हणजे अभिप्रायाची भूक थोरांनाही सुटलेली नाही. पण इमर्सननी पुस्तक वाचले होते. मी वाचले नव्हते.

आता पुस्तके ऑनलाइन विकली जातात आणि अभिप्रायाची जागा ताऱ्यांनी घेतली आहे. स्वतः पुस्तक काढणाऱ्या तरुणांना सल्ला मिळतो की, पुस्तक बाजारात येण्याआधी पन्नासेक प्रती मोफत वाटा, म्हणजे पहिल्याच दिवशी तारे पडतील. त्याचेही नियम झाले आहेत. मोफत प्रत खुशाल द्यावी, पण त्या बदल्यात अभिप्रायाची अट घालू नये, असे अ‍ॅमेझॉन सांगते. भारतीय मानक ब्युरोनेही ऑनलाइन अभिप्रायांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले. पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे ते बजावते. चांगली गोष्ट आहे. पण पैसे न घेता, निव्वळ भिडेपोटी लिहिलेल्या खोट्या शब्दाला कुठले मानक पकडणार? माझ्या पोस्टकार्डाला गुरुजींनी एक पैसाही दिला नव्हता.

मग प्रत द्यावी कुणाला? याचे उत्तर मला बिल्ले लावलेल्यांनी दिले नाही, अहमदपूरकडच्या एका म्हातारीने दिले. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची ती आई. सहकाऱ्याला दिलेली प्रत नात तिला रोज थोडी थोडी वाचून दाखवायची. कादंबरीत मी भर दुपारी करडईची काढणी लावली होती. उन्हाच्या वर्णनावर दीड पान खर्ची घातले होते आणि त्याचा मला अभिमान होता. मी घरी गेलो तेव्हा म्हातारी म्हणाली, "करडई कधी दुपारी काढतेत का, बाबा? दहिवर हाय तवर काटा मऊ असतोय. उन्हात हात फाटतेत बायांचे."

मी गप्प झालो. आयुष्यभर पीककर्जे वाटली, करडईचे पीक कागदावर हजारदा लिहिले. पण ती पहाटे का काढतात, हे मला ठाऊक नव्हते. रजिस्टरातल्या १४२ नावांत तिचे नाव नव्हते आणि माझ्या पुस्तकाचे खरे परीक्षण तिनेच केले. फक्त उशीर झाला होता. छपाईआधी हे कळले असते, तर ते दीड पान सुधारले असते.

आणि हा धडा घ्यायला मला अहमदपूरला जायची गरज नव्हती. ज्या नांदेडात मी राहतो, त्याच नांदेडात नरहर कुरुंदकर होते. रणजित देसाई 'श्रीमान योगी'ची जुळवाजुळव करत होते, तेव्हा त्यांचा कुरुंदकरांशी पत्रव्यवहार झाला. कुरुंदकरांनी गोड शब्दांचे पोस्टकार्ड पाठवले नाही. शिवाजी महाराजांकडे कसे पाहावे, साधने किती आणि कशी विश्वसनीय, लेखकापुढच्या अडचणी कोणत्या, हे सांगणारे भलेमोठे पत्र लिहिले. देसाईंचा मोठेपणा असा की, पुढे त्यांनी तेच प्रस्तावना म्हणून छापले. कादंबरी १९६८ साली आली आणि तिच्याइतकीच ती प्रस्तावनाही आजवर वाचली जाते. ते पत्र लेखकाच्या हाती पडले, तेव्हा त्याला अजून काही करता येत होते. पुस्तक छापून झाल्यावर मागितला जातो तो बहुतेकदा शाबासकीचा शब्द. त्यात चूक काही नाही. पण त्याला अभिप्राय म्हणू नये.

गेल्या वर्षी दुसऱ्या कादंबरीचा खर्डा पुरा झाला, तेव्हा मी त्याच्या बारा झेरॉक्स प्रती काढल्या आणि स्पायरल बाइंडिंग करून वाटल्या. एक म्हातारीच्या नातीला, एक गावच्या 'ड' वर्ग वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना, एक रोज सकाळी भेटणाऱ्या निवृत्त कंडक्टरांना. पहिल्या पानावर लिहिले : 'आवडले म्हणून कळवू नका. वाचता वाचता कुठे थांबलात, ते कळवा.' बारांपैकी नऊ जणांनी कळवले. कंडक्टर ३८व्या पानावर थांबले होते. पुढे गेलेच नाहीत. त्या पानाने मला महिनाभर झोपू दिले नाही आणि शेवटी ते प्रकरण मी काढून टाकले.

राहता राहिले गुरुजी. त्यांचा पहिला संग्रह मी अखेर कपाटातून काढला. आतली दोन पाने वरच्या कडेला जोडलेलीच होती, छापखान्यात कापायची राहिलेली. सत्तावीस वर्षे ती कुणी उघडली नव्हती. चाकूने कापली आणि संग्रह एका बैठकीत वाचला. चाळीस कवितांपैकी पाच-सहा खरोखर चांगल्या होत्या. आटलेल्या आडावरची एक तर फारच. बाकीच्या बेताच्या. एवढेच त्यांना तेव्हा सांगितले असते, तर कदाचित दुसरा संग्रह त्या पाच-सहांच्या वाटेने गेला असता.

नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटीने त्यांच्या गावी गेलो. गुरुजी चार वर्षांपूर्वी वारले होते. मुलाने बसवून घेतले, चहा केला. भिंतीवरच्या फोटोकडे बघत मी त्याला खरे ते सांगितले : पोस्टकार्ड वाचल्यावाचून लिहिले होते, संग्रह आत्ता वाचला. आणि ती आडाची कविता सांगितली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णांना तीच आवडायची, साहेब. पण तिच्याबद्दल कुणी कधी बोललंच नाही."