लोणंदच्या कारखान्यात अग्निसुरक्षा सल्लागार हवा. पण तो कोणाचा?

लोणंदच्या आमच्या वस्तीतील सात-आठ पोरे तेथील औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. एका रविवारी वंदना झाल्यावर ती विहारातच थांबली. गोष्ट पगाराची असेल, बोनसची असेल, असे आम्हांला वाटले. गोष्ट निघाली कुलपाची.

"कारखान्यात आग लागली तर कुठून बाहेर पडशील?" आम्ही सहज विचारले.

"पुढच्या गेटनं. मागच्या दाराला कुलूप असतंय. भंगार चोरीला जातंय म्हणून."

"किल्ली कुणाकडं?"

"सुपरवायझरकडं. आणि त्यो रात्रपाळीला नसतोय, दादा."

या कारखान्याचे नाव आम्ही येथे देत नाही. दिले तर उद्या या पोरांना गेटवरूनच परत पाठवतील. पण नाव न देताही सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. त्याच कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर एक पाटी आहे. 'अग्निसुरक्षा सल्लागार' असे तीवर लिहिले आहे, खाली नाव आणि मोबाइल नंबर. या सल्लागार साहेबांना आमच्या एकाही पोराने आजवर पाहिलेले नाही. ते वर्षातून दोनदा येतात, ऑफिसात चहा घेतात, सह्या करतात आणि जातात, असे तेथील एका जुन्या कामगाराने सांगितले. दोनदा का, तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. प्रमाणपत्र जाते, कुलूप जागेवर राहते.

लोणंद म्हटले की लोकांना कांद्याचा बाजार आठवतो, नाहीतर पालखीचा मुक्काम. पुणे-मिरज मार्गावरचे स्टेशन आठवते. पण आता हे गाव कारखान्यांचेही आहे. शेती नसलेल्या, किंवा असूनही पाण्याविना पडीक असलेल्या घरांतील पोरे आणि बाया तेथे तीन पाळ्यांत राबतात. त्यांत आपले लोक आहेत, मातंग बांधव आहेत, भटके आहेत, मराठा-धनगरांची गरीब पोरे आहेत आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले मजूरही आहेत. शेडमध्ये आग लागली तर ती कोणाचा जातीचा दाखला तपासणार नाही. पण आगीच्या जवळ कोणाला उभे करायचे, हे मात्र आधीच ठरलेले असते. त्याकडे आम्ही पुढे येतो.

आधी कायद्याचे बघू. १९४८ च्या कारखाना कायद्याने एक हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने ही मर्यादा पाचशेवर आणली आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशेवर. कागदावर ही सुधारणा आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच संहितेत कारखाना कशाला म्हणायचे याची व्याख्याही आहे. मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना होत होता, आता वीस लागतात. वीज नसेल तर पूर्वी वीस, आता चाळीस. म्हणजे मोठ्या गिरणीला अधिकारी मिळाला आणि पत्र्याच्या शेडमध्ये राबणारी पंधरा माणसे कारखान्याच्या हिशेबातूनच गेली! माणसे जळतात ती बहुतेक वेळा याच शेडमध्ये.

उदाहरणे आठवून पाहा. ९ मे २०१९ रोजी पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानात पाच कामगार मेले. ते आत झोपले होते आणि दाराला बाहेरून कुलूप होते. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे रासायनिक कारखान्यात सतरा कामगार गेले, त्यांत बहुसंख्य महिला. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या बाया होरपळल्या. त्याच महिन्याच्या शेवटच्या पहाटे वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा कामगार गेले. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात आठ जण गेले. तेथे मालक आणि त्याचे कुटुंबीयही वाचले नाहीत. सल्लागाराचा खर्च वाचवणाऱ्या प्रत्येक मालकाने सोलापूरची ही आग लक्षात ठेवावी.

कुलूपबंद दाराची ही कथा जुनी आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात १४६ कामगार मेले, बहुतेक स्थलांतरित घरांतील तरुण मुली. तेथेही एका जिन्याचे दार कुलूपबंद होते, आणि कारणही चोरीचेच सांगितले जात होते. त्या आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला आणि कारखान्यांसाठी एकामागून एक कायदे केले. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब शिकायला त्याच शहरात उतरले, तेव्हा ही उलथापालथ चालूच होती. त्याचा त्यांच्यावर काय परिणाम झाला हे आम्ही येथे रचून सांगणार नाही. पण पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, तेव्हा त्यांनी काय केले ते कागदावर आहे. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती त्यांच्या काळातली. आणि आपल्या लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी की, १९४५ मध्ये याच मजूर खात्याखाली 'कारखान्यांचे मुख्य सल्लागार' हे कार्यालय सुरू झाले. कामगाराच्या जिवाचा प्रश्न केवळ पोलिसी तपासणीने सुटत नाही, तो जाणणारा, शिकवणारा, सरकारला आणि कारखान्याला सल्ला देणारा तज्ज्ञ लागतो, हा त्यामागचा विचार. त्या कार्यालयाचेच पुढे महासंचालनालय झाले आणि त्याची केंद्रीय श्रम संस्था मुंबईत शीव येथे आहे. लोणंदच्या भिंतीवरच्या पाटीवर जो 'सल्लागार' शब्द आहे त्याचे मूळ असे बाबासाहेबांच्या खात्यात आहे. (१९४८ चा कायदा झाला तेव्हा मजूरमंत्री बाबू जगजीवनराम होते. त्यांच्या राजकारणाविषयी आमची मते वाचकांना ठाऊक आहेत. तरी त्या कायद्याचे श्रेय नाकारण्याइतके आम्ही कद्रू नाही.)

आता आगीच्या जवळ कोण उभे असते ते पाहू. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तेथे धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. ही गोष्ट बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवली होती. आज तसे खाते कोणी उघडपणे बंद ठेवत नाही. पण पिंप धुणे, टाकीत उतरणे, बॉयलरची राख काढणे, रंगाच्या नि तेलाच्या चिंध्या गोळा करणे ही कामे कोणाच्या वाट्याला येतात? ठेकेदाराच्या माणसाच्या. आणि ठेकेदाराचा माणूस कोणत्या वस्तीतून येतो हे लोणंदमध्ये कोणालाही विचारा. सुरक्षा समितीत मात्र कायम कामगार बसतो, क्लार्क बसतो. ज्याच्या हातात चिंधी आहे त्याला समिती आहे हेच माहीत नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. कायदा सक्ती करो वा न करो, लोणंदच्या प्रत्येक कारखान्याला अग्निसुरक्षा सल्लागार हवा. पंचवीस-तीस माणसांच्या शेडला एकट्याला तो परवडत नसेल, तर दहा कारखान्यांनी मिळून एक नेमावा. रस्ता, वीज, पाणी यांसाठी उद्योजक एकत्र येतात, येथे का नाही? पण नेमणूक म्हणजे पाटी नव्हे. सल्लागाराने रात्रपाळीत यावे. कारण वायरिंगवरचा भार, शेडमध्ये झोपणारी माणसे, वाटेत रचलेले बारदान आणि पुठ्ठे, हे दिवसा साहेबाच्या फेरीत दिसत नाही. वेल्डिंग कोणाच्या लेखी परवानगीने आणि कशाशेजारी चालते, ते त्याने पाहावे. लाल सिलिंडर भिंतीला टांगून काम संपत नाही. विजेच्या आगीवर पाणी मारले तर मारणारा मरतो, पेटलेल्या तेलावर मारले तर तेल उसळून आग पसरते, हे प्रत्येक बाईला आणि पोराला त्यांच्या भाषेत सांगून, सिलिंडर प्रत्यक्ष हातात देऊन शिकवावे लागते. कवायत घ्यावी लागते. बाहेर पडल्यावर हजेरी घ्यायची यादी लागते आणि तीत ठेकेदाराच्या माणसांची नावे लागतात. नाहीतर आत किती अडकले हे अग्निशामक दलाला कोण सांगणार? गाडी कितीही जवळून आली तरी पहिली पाच मिनिटे कामगारांचीच असतात.

आणि मुख्य मुद्दा. सल्लागाराचा पगार मालक देतो, मग तो मालकाला नको असलेला सल्ला देईल कसा? येथे बांगलादेशाकडे पाहावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ढाक्याजवळ ताझरीन फॅशन्समध्ये शंभरावर कामगार जळाले. एप्रिल २०१३ मध्ये राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेवर मेले. त्यानंतर परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधील असा करार झाला. तपासनीस स्वतंत्र, आणि त्यांचे अहवाल जाहीर. आमची मागणी त्याहून लहान आहे. सल्लागाराचा अहवाल मराठीत आणि हिंदीत गेटजवळच्या फलकावर लावा. काय सांगितले, कोणत्या तारखेपर्यंत करायचे, केले की नाही, एवढेच. आणि सल्लागाराबरोबर फेरीला ठेकेदाराकडील एक पुरुष आणि एक बाई कामगार असू द्या.

दुसऱ्याला सांगताना आपलेही घर पाहिले पाहिजे. १४ एप्रिलला आपण जयंती करतो. त्याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर आग लागून प्रचंड स्फोट झाले आणि शेकडो माणसांबरोबर अग्निशामक दलाचे साठाहून अधिक जवान गेले. म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. योगायोगात अर्थ शोधणारे आम्ही नव्हे. पण त्याच दिवशी आपल्या मंडपात आकडा टाकलेल्या तारा लोंबत असतात, कापडाला चिकटून हॅलोजन जळत असतो आणि जनरेटरशेजारी डिझेलचा कॅन असतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. कारखानदाराला जाब विचारणाऱ्या कार्यकर्त्याच्या मंडपात तरी वाळूची बादली असावी!

आणखी एक. आपली मुले हे शिक्षण का घेत नाहीत? आपण दरवर्षी दीक्षाभूमीला जातो त्या नागपुरातच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. औद्योगिक सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा आहे. मात्र 'फायर अँड सेफ्टी, शंभर टक्के नोकरी' अशा पाट्या लावणाऱ्या खासगी क्लासेसपासून सावध राहा. पैसे भरण्यापूर्वी त्या प्रमाणपत्राला शासनाची मान्यता आहे का, हे लेखी मागा. आईचे डोरले गहाण टाकून घेतलेला कागद कुठेच चालला नाही, अशी मुले आम्हांला भेटली आहेत.

त्या रविवारी पोरांनी निवेदन लिहायला घेतले. प्रथेप्रमाणे वर 'मा. तहसीलदार' असे घातले होते. आपल्या चळवळीचे प्रत्येक निवेदन तहसीलदारालाच का जाते, कोण जाणे. आम्ही ते खोडून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे नाव घातले, तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे अशी विनंती जोडली आणि एक प्रत नगरपंचायतीला लावली. मागण्या सात झाल्या होत्या. पहिली कोणती ठेवायची यावर वाद झाला. एकाचे म्हणणे, सल्लागाराची नेमणूक वर घ्या. रात्रपाळीचा पोरगा म्हणाला, "आधी किल्लीचं लिवा. सल्लागार येईल तवा येईल, आज रातच्याला आमालाच आत जायाचंय."

किल्लीचे पहिल्या क्रमांकावर घातले.